बर्फावरचे इंजिन आणि ओला प्लग

कार्ब्युरेटरची स्कूटर ज्यांनी चालवली आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. थंडीची सकाळ, शाळेची घंटा व्हायची वेळ आणि स्कूटर सुरू होत नाही. आपण चोक ओढतो, किकवर किक मारतो. शेवटी शेजारचा मेकॅनिक येतो, प्लग काढतो, फुंकर मारतो आणि म्हणतो, "ओव्हरफ्लो झालीय." आपल्याला फार तर शाळेत उशीर होतो. पण उणे तीस अंश तापमानात, वस्तीपासून दूर हीच गोष्ट घडली तर?

बर्फावर इंजिन चालवण्याचा एक मोठा प्रयत्न कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत झाला. त्यांनी अंटार्क्टिकाला तीन मोटार-स्लेज नेल्या. जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवतानाच एक स्लेज समुद्रावरचा बर्फ फुटून बुडाली. उरलेल्या दोन ऑक्टोबर १९११ मध्ये सामान ओढत निघाल्या आणि थोड्याच दिवसांत, दोन्ही बंद पडून, वाटेतच सोडाव्या लागल्या. पुढे माणसांनी स्वतः स्लेज ओढल्या. या इंजिनांची एक तक्रार मोठी विचित्र होती. सिलिंडर इतके तापत की थांबून ते निववावे लागत आणि त्याच वेळी कार्ब्युरेटर मात्र गारठलेला असे.

हे कोडे समजण्यासाठी कार्ब्युरेटरकडे पाहू. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली हवी. हवेत पेट्रोलची वाफ आकारमानाने सुमारे दीड टक्क्यापेक्षा कमी किंवा साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. सुरुवातीच्या इंजिनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा करत. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर तयार केले. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि त्यामुळे पेट्रोल छिद्रातून वर खेचले जाते.

फवारा म्हणजे मात्र वाफ नव्हे. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. कडाक्याच्या थंडीत फक्त हलके घटक पुरेसे उडतात. शिवाय बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता पेट्रोल भोवतालच्या धातूतून आणि हवेतून घेते, म्हणून कार्ब्युरेटर आणखी गार पडतो.

यावर उपाय म्हणजे चोक. तो हवा अडवून पेट्रोल जास्त ओढून घेतो. जास्त पेट्रोल आले की त्यातल्या हलक्या घटकांची वाफही जास्त मिळते. पण इंजिन पेटले नाही तर न उडालेले पेट्रोल आत साचत राहते. प्लग भिजतो, त्यावरच्या काजळीतून विद्युतप्रवाह गळतो आणि ठिणगी दुबळी होते. थोडी ऊब मिळाली, की साचलेल्या पेट्रोलची वाफ होऊन मिश्रण वरची मर्यादा ओलांडते. म्हणजे आधी वाफ कमी म्हणून इंजिन पेटत नव्हते, आता पेट्रोल जास्त म्हणून पेटत नाही. लक्षण एकच, कारणे उलट! दुसऱ्या कारणावर पहिल्याचा उपाय केला, म्हणजे पुन्हा चोक ओढला, तर दुखणे वाढते.

बर्फावरच्या वाहनाची गरज किती तीव्र होती, हे कॅनडातील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांच्या आयुष्यातून दिसते. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावी त्यांचे गॅरेज होते. १९२२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी मागे पंखा लावलेली बर्फावरची गाडी चालवून दाखवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सचा विकार झाला. रस्ते बर्फाने बंद होते आणि त्यांचे हिमवाहन अजून प्रयोगाच्या अवस्थेत होते. मुलाला रुग्णालयात नेता आले नाही, तो दगावला. बोंबार्दिए यांनी काम सोडले नाही. १९३७ मध्ये त्यांना दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. पुढे त्यांच्या मोठ्या हिमगाड्यांतून रुग्ण, टपाल आणि शाळकरी मुले जाऊ लागली. हलकी इंजिने उपलब्ध झाल्यावर १९५९ मध्ये त्यांची छोटी 'स्की-डू' बाजारात आली.

१९६० च्या दशकात अशा छोट्या गाड्यांत टू-स्ट्रोक इंजिन रूढ झाले. ते हलके, पण पेट्रोल साचण्याच्या बाबतीत अधिक नाजूक. यात मिश्रण आधी दट्ट्याखालच्या क्रँककेसमध्ये जाते आणि मग सिलिंडरमध्ये. त्यामुळे जादा पेट्रोल तळाशी साचते व नुसता प्लग पुसून भागत नाही.

म्हणून जाणता चालक आधी प्लग काढून पाहतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगीत दोष आहे. जादा पेट्रोल असेल तर तो पेट्रोलची तोटी आणि चोक बंद करतो. इग्निशनही बंद ठेवतो, कारण बाहेर पडणारी वाफ पेटू शकते. प्लग काढलेलाच ठेवून दोरी अनेकदा ओढली, की साचलेले पेट्रोल बाहेर पडते. मग कोरडा प्लग लावून, इग्निशन चालू करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून तो पुन्हा दोरी ओढतो. भरपूर हवा येते आणि मिश्रण पेटण्याजोगे होते. इंजिन धरताच थ्रॉटल सोडून तो तोटी उघडतो. दर वेळी असेच होत असेल, तर कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई अडकली आहे का, हे पाहावे लागते.

नव्या गाड्यांत तापमान मोजून इंधन सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असल्याने ही वेळ क्वचित येते. तरीही बाष्पीभवन शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. पेट्रोल मात्र वर्गात आणू नये. फळ्यावरची आकृती पुरेशी आहे. मुलांना एवढेच विचारावे: "इंजिन सुरू होत नाही. पेट्रोल कमी आहे की जास्त, हे तुम्ही कसे ओळखाल?" उपायाकडे धावण्याआधी प्लग काढून पाहायला हवा, हे ज्याला सुचेल, त्याला वैज्ञानिक पद्धतीची पहिली पायरी सापडली म्हणायची.