१८७७ चा पाऊस कोठे गेला?

श्रावण कोरडा गेला की श्रावणातच वैशाख पेटतो, हे तुम्हां शेतकरी मंडळींना कोणी शिकवायला नको. पण अवर्षण आणि काहिली अशी जोडीने का येतात? याचा शोध लागला त्याची सुरुवात आपल्या दख्खनच्या एका दुष्काळात आहे.

१८७६ साली सोलापूर, नगर, सातारा, पुणे या बाजूला पावसाने दगा दिला. पुढच्या वर्षी देशाचा फार मोठा भाग होरपळला. दोन-अडीच वर्षांत देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढी मजुरी पुरेशी ठरवली गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. आणि याच काळात धान्य परदेशी जातच होते! पाऊस न पडणे निसर्गाचे खरे, पण बंदरातून गहू बाहेर जाणे हे काही निसर्गाचे काम नव्हे.

हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना त्या वर्षी एक गोष्ट खटकली. हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता, आणि तो केवळ हिंदुस्थानात नव्हे, पार ऑस्ट्रेलियापर्यंत. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही दुष्काळाने गांजला होता. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती या खात्यावर आले. जगभरच्या नोंदींचे ढीग त्यांनी कारकुनांकडून पडताळून घेतले. तराजूची पारडी असावीत तसे दिसले: पॅसिफिकवर दाब उतरला की हिंदी महासागराकडे चढतो. याला त्यांनी १९२४ मध्ये 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. कारण मात्र त्यांना सांगता आले नाही. समुद्राच्या उष्णतेशी त्याचा सांधा याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये जुळवून दाखवला.

तो असा. एरवी वारे पॅसिफिकचे ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा वर चढते, ढग होतात. काही वर्षी हे वारे मंदावतात आणि ऊन पाणी पूर्वेला सरकते. पेरूचे कोळी याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू म्हणतात, कारण ते नाताळाच्या सुमारास जाणवते. मग हवा तिकडे चढते आणि आपल्या बाजूला खाली उतरते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत.

आता काहिलीचे पाहा. पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचशे पटींहून अधिक उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. ओल्या रानात सूर्याची बरीच शक्ती या कामी खर्चते. रान सुकले की तीच शक्ती माती आणि हवा तापवते. तापलेली हवा उरलीसुरली ओलही ओढून घेते. वर ढगांची सावली नाही. असे हे एकावर एक चढत जाते.

तरी 'एल निनो' ऐकले की पेरणीच सोडून द्यावी, असे नाही हं. १९९७ साली तो मोठा जोरकस होता. आपल्याकडे पाऊस सरासरीएवढा झाला, कारण हिंदी महासागराने साथ दिली. उलट २०१५ मध्ये देशाचा पाऊस चौदा टक्क्यांनी तुटला, मराठवाड्याचा त्याहून पुष्कळ अधिक, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला न्यावी लागली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर.