ओसेनचे पाठीराखे

एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या शहराच्या उत्तर सीमेवर, यानाका या मंदिरबहुल वस्तीत, कासामोरी इनारी देवस्थानाच्या आवारात कागिया नावाचे चहाचे एक साधे दुकान होते. आणि 1768-69च्या सुमारास त्या दुकानाच्या वाटेने जी गर्दी लोटू लागली, ती देवदर्शनाच्या निमित्ताने घराबाहेर पडत असली तरी देवापाशी फार वेळ थांबत नसे. दुकानदाराची ओसेन नावाची सतरा-अठरा वर्षांची कन्या आल्यागेल्यापुढे चहाचा पेला ठेवीत असे, आणि तो पेला तिच्या हातून मिळावा एवढ्यासाठी माणसे शहराच्या दुसऱ्या टोकाहून पायपीट करीत येत. ती गणिका नव्हती, नर्तकी नव्हती. गाण्यावाजवण्यासाठी तिची ख्याती नव्हती. त्याच काळात, 1765 मध्ये, बहुरंगी ठशांची चित्रे छापण्याची कला एदोत सिद्ध झाली होती, आणि त्या कलेचा अग्रणी सुझुकी हारुनोबू याने ओसेनची चित्रे काढताच, ज्याला यानाकापर्यंत जाणे जमत नव्हते त्यालाही ती चार नाण्यांत घरी नेता येऊ लागली. पाठोपाठ तिच्या नावाचे हातरुमाल निघाले, सोंगट्यांचे पट निघाले. आसाकुसाच्या देवळामागे दात कोरण्याच्या काड्या विकणारी ओफुजी ही तिची प्रतिस्पर्धिनी. या दोघींत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा ओता नाम्पोसारख्या रसिक लेखकाने 1769 मध्ये लेखणी झिजवून केला.

आज ज्यांना जपानी भाषेत ‘आयदोरू’ म्हणतात त्या गायिकासंघांच्या चाहत्यांविषयी लिहिताना अडीचशे वर्षे मागे जाण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की या चाहत्यांना जे हवे असते ते विजेच्या दिव्यांनी किंवा दूरचित्रवाणीने निर्माण केलेले नाही. योशिवारा या गणिकावस्तीतील उच्च श्रेणीची गणिका सामान्य कारागिराला केवळ मिरवणुकीत, दुरून दिसे. ओसेन मात्र चहाच्या पेल्याच्या मोलात समोर येऊन उभी राही. ती शेजारची असावी अशी होती आणि तरीही शेजारची नव्हती. या अंतराचे माप फार नाजूक असते, आणि ते जिला साधले तिच्यामागे लोक धावले.

1770 मध्ये ओसेन एकाएकी दुकानातून नाहीशी झाली. चाहते नेहमीप्रमाणे आले, तो तिच्या जागी तिचा टक्कल पडलेला म्हातारा बाप बसलेला. त्या काळी सुंदर मुलीला गमतीने चहाची किटली म्हणत आणि टकलाला तपेले, म्हणून किटलीचे तपेले झाले, असा वाक्प्रचारच एदोत रूढ झाला. तिचा घात झाला, तिला कोणी पळवले, अशा वावड्या उठल्या. वस्तुतः शोगूनच्या खास तैनातीतील एका गुप्तहेर सेवकाशी तिचा विवाह झाला होता, आणि पुढे सुखाने संसार करून 1827 मध्ये ती वारली. लाडक्या मुलीने एक दिवस सर्वसामान्य गृहिणी होऊन दृष्टिआड व्हावे आणि पाठीराख्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहत राहावे, हा या कथेचा उत्तरार्ध पुढे कितीदा तरी पुन्हा घडला.

सरकारला अशा लोकप्रियतेचे वावडे असते. चित्रकार उतामारोने नानिवाया दुकानातील ओकितासारख्या चहावाल्या मुलींची चित्रे काढून एदोला वेड लावले, तेव्हा 1793 मध्ये असे फर्मान निघाले की गणिकांखेरीज अन्य स्त्रियांची नावे चित्रांवर छापू नयेत. प्रकाशकांनी त्यावर तोड काढली ती मोठी मासलेवाईक होती: चित्राच्या कोपऱ्यात भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, दूरचा समुद्र आणि भातखाचर. जपानी उच्चार क्रमाने जुळवले की ‘ना-नि-वा, या, ओकि, ता’ असे नाव सिद्ध होई. जाणत्याला ते लगेच वाचता येई, अंमलदाराला मात्र कायद्याचा भंग दाखवता येत नसे. अखेर 1796 मध्ये या चित्रकोड्यांनाही मनाई झाली. पण आपल्याच मंडळींना कळेल अशी खूण बाळगण्याचा जो आनंद त्यात होता, त्याला कोणते फर्मान आवर घालणार?

दुसरा धागा नाट्यगृहाचा. नटाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या आश्रयदात्याला जपानीत ‘हिइकी’ असा शब्द आहे, आणि ओसाकात अशा आश्रयदात्यांची रीतसर मंडळे होती. सासासे हे त्यांतले एक नामांकित मंडळ. एकसारखी शिरोवस्त्रे घालून हे प्रतिष्ठित व्यापारी नाट्यगृहात बसत आणि हंगामाच्या आरंभी नट रंगमंचावर आला की ठरलेल्या लयीत, ठरलेल्या पद्धतीने टाळ्या वाजवून त्याचे स्वागत करीत. या टाळ्यांची तालीम होत असे, आणि ती पाहणे हाही खेळाचाच भाग मानला जाई. प्रेक्षकाने स्वतःच्या वाट्याचे काम शिकून यावे, हा शिरस्ता तेथे पडला.

मेइजी राजवटीत हा शिरस्ता तरुण विद्यार्थ्यांच्या हाती गेला आणि त्याचा सारा शिष्टपणा ओसरला. शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने बाहुलीनाट्यातील करुण कथा गाऊन सांगण्याच्या ‘गिदायू’ या प्रकारात किशोरवयीन मुली उतरल्या, आणि ओसाकाची ताकेमोतो आयानोसुके 1880च्या दशकात तोक्योत येऊन गाऊ लागल्यावर विद्यार्थीवर्ग अक्षरशः वेडा झाला. कथा आर्त शिखराला पोचली की प्रेक्षागृहातून ‘दोऽ सुरू, दोऽ सुरू’, म्हणजे ‘आता कसं करू, कसं करू’, असा गजर उठे, आणि म्हणून या टोळीला ‘दोसुरू-रेन’ हेच नाव पडले. गाताना मान हलून तिच्या केसांतील आकडा गळून पडला तर तो पटकावण्यासाठी झोंबाझोंबी होई; प्रयोग संपला की तिची हातरिक्षा दुसऱ्या नाट्यगृहाकडे निघे आणि भावी वकील व भावी मुलकी अधिकारी तिच्यामागे धावत सुटत. पुढे थोर कथाकार म्हणून मान्यता पावलेला शिगा नाओया हाही तारुण्यात या गायिकांचा शौकीन होता. आयानोसुकेने 1898 मध्ये विवाह करून रंगमंच सोडला. किटलीचे पुन्हा तपेले झाले. फरक इतकाच की दहा वर्षांनी ती परत आली.

ताकाराझुका या मुलींच्या नाट्यसंघाचा उल्लेख येथे ओझरताच करतो. रेल्वेमालक कोबायाशी इचिझो याने 1913 मध्ये मुलींचा गायनसंघ काढला आणि पुढल्या वर्षी, न चाललेल्या एका पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून त्याचे प्रयोग सुरू केले. त्याने आपल्या नटींना नटी न म्हणता ‘विद्यार्थिनी’ म्हटले. रंगमंच ही शाळा आणि प्रेक्षक हा पालक, ही कल्पना त्या एका शब्दाने रुजवली, आणि तिचे पीक उत्तरकालीनांनी भरभरून काढले.

‘आयदोरू’ हा शब्द मात्र परका. 1964 मध्ये एक फ्रेंच चित्रपट जपानात ‘आयदोरूच्या शोधात’ अशा अर्थाच्या नावाने झळकला, आणि त्यातील सिल्वी वार्तानच्या गाण्याबरोबर शब्दही लोकांच्या तोंडी बसला. 1971 मध्ये ‘स्टार तान्जो’ ही निवडस्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाल्यापासून शाळकरी मुलगी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत गायिका होऊ लागली. अशा मुलींतलीच यामागुची मोमोए 1980च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, बुदोकान सभागृहात अखेरचे गाणे म्हणून मायक्रोफोन रंगमंचावर ठेवून निघून गेली आणि विवाहानंतर परतली नाही.

परंतु चाहत्याच्या इतिहासात मोमोएहून अधिक महत्त्व आम्ही कँडीज या गायिकात्रयीला देतो. 1977च्या जुलैमध्ये हिबियाच्या खुल्या रंगमंचावर, कार्यक्रम चालू असताना, या तिघींनी रडत रडत सांगितले की आम्हाला पुन्हा साध्या मुली व्हायचे आहे. चाहत्यांना धक्का बसला. पण त्यांनी विलापात वेळ दवडला नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या अखिल देशीय कँडीज संघाने असा निश्चय केला की ज्यांचे एकही गाणे आजवर विक्रीच्या यादीत पहिले आले नाही, त्यांचे निरोपाचे गाणे पहिले आणायचे, आणि ते त्यांनी आणले. 4 एप्रिल 1978 रोजी कोराकुएन क्रीडांगणावर पन्नास हजारांवर लोक जमले, आणि रंगीत कागदी फितींच्या वर्षावात त्या तिघी दिसेनाशा झाल्या. निरोप देणाऱ्यानेच जाणाऱ्याला शिखरावर चढवून द्यावे, हा या परंपरेतील सर्वांत उदात्त प्रसंग आहे, असे आमचे मत आहे.

पुढे गीतकार अकिमोतो यासुशी याच्यासारख्या धोरणी मंडळींनी या भावनेचा जमाखर्च मांडला. 1985च्या ओन्यान्को क्लबमध्ये मुलींना क्रमांक होते आणि संघ सोडून जाण्याला ‘पदवीदान’ असे गोंडस नाव मिळाले. 1997 मध्ये एका निवडस्पर्धेत नाकारलेल्या पाच मुलींना अशी अट घालण्यात आली की पाच दिवसांत स्वतः पन्नास हजार तबकड्या विका, तरच पुढे जाल. त्यांनी त्या चार दिवसांत विकल्या, आणि मॉर्निंग मुसुमे हा संघ जन्मला. पन्नास हजार खरेदीदारांपैकी प्रत्येकाला आयुष्यभर म्हणता येणार होते की तो संघ माझ्यामुळे उभा राहिला.

8 डिसेंबर 2005 रोजी तोक्योच्या अकिहाबारा या विजेच्या सामानाच्या बाजारपेठेत, एका स्वस्त मालाच्या दुकानाच्या आठव्या मजल्यावर, अडीचशे प्रेक्षक मावतील अशा आणि दोन आडव्या येणाऱ्या खांबांच्या रंगमंचावर एकेबी 48 या संघाचा पहिला प्रयोग झाला. आत बहात्तर माणसे होती आणि त्यांत तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक फक्त सात. ‘जिला भेटायला जाता येते अशी आयदोरू’ हे या संघाचे ब्रीद. ओसेनच्या बापाला ते समजावून सांगावे लागले नसते. लवकरच तबकडीबरोबर काही क्षणांच्या हस्तांदोलनाची चिठ्ठी मिळू लागली, आणि 2009 ते 2018 या काळात दरवर्षी निवडणूक होऊन, तबकडीत मिळणाऱ्या मतपत्रिकांनी, पुढच्या रांगेत कोण उभी राहणार याचा निकाल लागू लागला. एकाच गाण्याच्या शंभर तबकड्या घेणारा माणूस गाणे शंभरदा ऐकत नसे. तो मतदान करीत असे.

अशा माणसाला आपण हसतो. पण त्याची भाषा ऐकावी. मला ती आवडते, असे तो म्हणत नाही. ती माझी ‘ओशी’ आहे, असे म्हणतो, आणि ‘ओसू’ या क्रियापदाचा मूळ अर्थ पाठीमागून ढकलणे, पुढे रेटणे. म्हणजे तो शब्दशः पाठीराखा आहे. तिसऱ्या रांगेत बावरून नाचणारी, सुरात किंचित कच्ची असलेली मुलगी तो मुद्दाम निवडतो, कारण परिपूर्ण गायिकेला त्याची गरज नसते. तिच्या ठरलेल्या रंगाची प्रकाशकांडी उंचावून, इतर शेकडो जणांबरोबर एका लयीत तो आरोळ्या देतो, आणि त्या आरोळ्यांचा क्रम त्याने सासासेच्या व्यापाऱ्यांप्रमाणेच घोकलेला असतो. कचेरीत ज्याच्या असण्या-नसण्याची दखल कोणी घेत नाही, त्याला एक दिवस ती मुलगी नावाने ओळखते. या ओळखीला त्यांच्या बोलीत ‘निन्ची’ असा शब्द आहे, आणि तो फार जपून उच्चारला जातो.

या सौख्याची किंमत पुष्कळदा मुलींनीच चुकती केली आहे, हेही नमूद केले पाहिजे. प्रेमसंबंध ठेवणार नाही, असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला जातो. असा करार मोडला म्हणून 2015च्या सप्टेंबरात तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने एका मुलीला सुमारे साडेसहा लाख येन भरण्याचा हुकूम केला, आणि चारच महिन्यांनी त्याच न्यायालयाने दुसऱ्या दाव्यात असे ठरवले की प्रेम हा सुखाच्या शोधाचा अधिकार आहे व त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. दुसरा निकाल आम्हाला ग्राह्य वाटतो. 2014च्या मे महिन्यात इवाते प्रांतात एकेबी 48च्या हस्तांदोलनाच्या रांगेतल्या एका इसमाने करवतीने दोन मुलींवर आणि एका कर्मचाऱ्यावर वार केले; तेव्हापासून त्या रांगेत झडती आली.

2017 मध्ये मुंबईसाठीही एकेबी 48चा असाच एक भगिनीसंघ काढण्याची घोषणा झाली होती, पण जाकार्ता व बँकॉकप्रमाणे येथे रंगमंच काही उभा राहिला नाही. तेव्हा ज्या वाचकाला हे सारे पाहायचे असेल त्याला तोक्योसच जावे लागेल. त्याने आठव्या मजल्यावरचा प्रयोग अवश्य पाहावा; परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी अकिहाबाराहून यामानोते मार्गाच्या गाडीत बसून चौथ्या स्थानकावर, निप्पोरीस, उतरावे आणि यानाकाच्या गल्ल्यांतून दाइएन-जी या मंदिरापर्यंत चालत जावे. तेथे 1919 मध्ये, ओसेन दृष्टिआड झाल्याला दीडशे वर्षे होत आली असताना, तिच्या नावाचा शिलालेख उभारला गेला असून त्यावरील मजकूर नागाई काफू या कादंबरीकाराने लिहिलेला आहे. हारुनोबूची शिळा त्याच आवारात आहे.