करारप्रस्ताव आणि खेळाडूचे स्वातंत्र्य : सेंट लुईस संघाचा दाखला

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरील हॉकीच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत, तरुण खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावरील जुन्या संघाचा हक्क सहसा संपत नाही. अशा खेळाडूस दुसरा संघ ‘ऑफर शीट’, म्हणजे लेखी करारप्रस्ताव, देऊ शकतो. खेळाडूने त्यावर सही केल्यास जुन्या संघाने सात दिवसांत त्याच अटी मान्य करून त्याला राखावे, अथवा भरपाई घेऊन सोडावे, असा नियम आहे. ही भरपाई नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील हक्कांच्या रूपाने मिळते. या व्यवस्थेने खेळाडूस कितपत स्वातंत्र्य दिले, हे सेंट लुईस संघाच्या इतिहासावरून तपासता येते.

१९९० साली या संघाने वॉशिंग्टनचा २६ वर्षांचा बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स मिळविला व त्यापोटी पहिल्या फेरीतील पाच निवडी गमावल्या. १९९१ मध्ये त्याने न्यू जर्सीच्या २२ वर्षांच्या ब्रेंडन शॅनाहनला करारबद्ध केले. त्या वेळच्या नियमानुसार भरपाईचा वाद लवादाकडे गेला आणि न्यायाधीश एडवर्ड ह्यूस्टन यांनी स्टीव्हन्सलाच न्यू जर्सीच्या हवाली केले. वर्षापूर्वी ज्याने आपला संघ स्वतः निवडला होता, तोच दुसऱ्याच्या कराराची भरपाई ठरला.

पुढे धनबलाचा प्रभाव दिसला. १९९७ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने जो सॅकिकला तीन वर्षांसाठी २ कोटी १० लक्ष डॉलर देऊ केले. कोलोरॅडोने तेवढेच देऊन त्यास राखले. २००४-०५ चा हंगाम टाळेबंदीत बुडाल्यानंतर २००५ मध्ये वेतनमर्यादा आली आणि केवळ पैसा असून भागेना. प्रतिस्पर्ध्याचा वेतनखर्च मर्यादेला भिडला असणे, हीच आता संधी झाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसने हीच संधी साधली. एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वार्षिक ४५,८०,९१७ आणि डिलन हॉलोवेला २२,९०,४५७ डॉलर देऊ करण्यात आले. भरपाईच्या कोष्टकातील अनुक्रमे दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या निवडीच्या टप्प्यांची हीच कमाल रक्कम होती. एडमंटनने दोघांनाही सोडले.

दोघांचे वेतन वाढले, हा लाभ खराच. तथापि त्याचा आकडा त्यांच्या गुणवत्तेइतकाच भरपाईच्या कोष्टकाने ठरविला. स्टीव्हन्सप्रमाणे खेळाडूच भरपाईत देण्याची रीत राहिली नाही. परंतु करार संपल्यावरही संघाचा हक्क उरतो, हे मूळ तत्त्व मात्र कायम राहिले.