एपिसोडची लेखी आवृत्ती : दम्याची गोळी आणि झोपी गेलेली ग्रंथी

आजची गोष्ट सुरू होते 21 सप्टेंबर 1948 ला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला डॉ. फिलिप हेंच यांनी ‘कंपाउंड ई’चं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात ती चक्क खरेदीला बाहेर पडली! हेच ते कॉर्टिझोन. 1950 मध्ये हेंच आणि आणखी दोन संशोधकांना नोबेलही मिळालं.

सूज उतरवणारं औषध म्हटल्यावर दम्याचे डॉक्टर मागे कसे राहतील? दम्यात श्वासनलिका आतून सुजलेलीच असते. 1955 मध्ये प्रेडनिसोन आलं आणि धापा टाकणारी माणसं मोकळा श्वास घ्यायला लागली.

पण महिनोन्‌महिने गोळ्या चालल्या की चेहरा गोल व्हायचा, पोट सुटायचं, साखर वाढायची, हाडं ठिसूळ व्हायची. हार्वे कुशिंग यांनी 1932 मध्ये हेच चित्र लिहून ठेवलं होतं. फरक एवढाच, की त्यांच्या रुग्णांमध्ये याचं मूळ पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत होतं. इथे ते गोळीत होतं.

खरा धोका मात्र दिसत नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. मेंदू रक्तातलं कॉर्टिसोल सतत मोजत असतो. कमी पडलं की पिट्युटरीमार्फत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो: अजून बनवा. गोळी सुरू झाली की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. निरोप बंद! काम नाही म्हणून ग्रंथी हळूहळू आक्रसतात. आणि मग गोळी अचानक थांबवली तर? शरीराकडे ना बाहेरचं कॉर्टिसोल, ना घरचं. 1952 मध्ये डॉक्टरांनी अशी एक केस छापली. कॉर्टिझोन घेणारा संधिवाताचा रुग्ण ऑपरेशननंतर शॉकमध्ये गेला आणि दगावला. त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुकलेल्या निघाल्या.

उपाय काय निघाला? 1972 मध्ये ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोनचा इनहेलर आला. औषध थेट फुप्फुसात, तेही मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये. अर्थात जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला, तर इनहेलरनेही ग्रंथी मंदावू शकतात. पुढे 2013 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की सीओपीडी अचानक बळावल्यावर 5 दिवसांचा कोर्स 14 दिवसांच्या कोर्सइतकाच उपयोगी पडतो. पोटात जाणारं स्टिरॉइड मात्र निम्म्याहून कमी!

म्हणून मंडळी, घरात आजोबा किंवा आत्या बरेच आठवडे ही गोळी घेत असतील, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती एकदम बंद करू देऊ नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, कारण झोपलेल्या ग्रंथींना जागं व्हायला काही आठवडे, कधी कधी महिनेही लागतात. ऑपरेशन ठरलं तर गोळीबद्दल आधी सांगा. आणि गोळी कमी करताना खूप थकवा, चक्कर, उलट्या सुरू झाल्या, तर वाट बघत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

भेटूया पुढच्या भागात!