लव्हबर्डची पिल्ले : पहिले दहा दिवस आईवर सोडा

चेंबूर : टिळकनगर असो की घाटला, चेंबूरच्या गॅलऱ्यांत लव्हबर्डचा पिंजरा काही नवा नाही. जोडी आणली, मडके टांगले, अंडीही झाली, पण पिल्लू जगत नाही, ही तक्रार मात्र जुनीच. त्यात बराच वाटा घरातल्यांनी सारखा हात घालण्याचा असतो.

पहिला गोंधळ नावाचाच. बाजारात लव्हबर्ड म्हणून जे सर्रास विकतात ते बऱ्याचदा बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पक्षी. शेपूट लांब, पाठीवर बहुधा काळ्या लाटा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. ठेंगणा, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. हा फरक विणीच्या वेळी नडतो. बजरीगर घरटे बांधत नाही, तिला मडके किंवा रिकामी पेटी पुरते. लव्हबर्डला लाकडी पेटी आणि सामान लागते : नारळाच्या झावळीच्या पात्या, मक्याच्या कणसाची साले. पीचफेस जातीची मादी तर पात्या फाडून कमरेच्या पिसांत खोचून घरट्यात नेते.

नर-मादीचेही तसेच. मोठ्या बजरीगर नराच्या चोचीवरची पट्टी बहुधा निळी, मादीची तपकिरी. नेहमी पाळल्या जाणाऱ्या लव्हबर्डमध्ये दिसण्यावरून काही कळत नाही. खात्री हवी तर पिसाची डीएनए तपासणी. 'जोडी' म्हणून दोन माद्याच घरी आल्या तर दोघी अंडी घालतात, आठ-दहा साठतात आणि एकही उबत नाही.

मादी वर्षाची होण्याआधी पेटी लावू नये. राळे, बाजरी रोजची. सोबत कोथिंबीर, पालक, भिजवलेले मूग आणि पिंजऱ्यात कायम समुद्रफेस. कॅल्शियम कमी पडले की अंडे आत अडकू शकते. मादी पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसली, जोर लावतेय असे दिसले, तर तेल लावून ओढाओढ नको. उबदार ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावी. परळचे बाई साकरबाई रुग्णालय, लोकांच्या तोंडी बैलघोडा हॉस्पिटल, चेंबूरहून फार लांब नाही.

अंडी दिवसाआड येतात, साधारण 4 ते 6. बजरीगरची सुमारे 18 दिवसांनी, लव्हबर्डची 21 ते 23 दिवसांनी फुटतात. दिवस मादी नेटाने बसल्यापासून मोजायचे. पिल्लेही मागेपुढे निघतात, म्हणून थोरले नि धाकटे यांच्यात आकाराचा मोठा फरक दिसतो. घाबरायचे कारण नाही.

कोंबडीचे पिल्लू निघाल्या दिवशीच दाणे टिपते. हे पिल्लू आंधळे आणि जवळजवळ उघडे असते. आई स्वतः खाऊन ते उलटून भरवते. साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. तोवर दिवसातून एकदा, मादी बाहेर असताना झटकन डोकावणे पुरे. पाहायचे एवढेच, की गळ्याखालची पिशवी भरलेली आहे का. भरली असेल तर पेटी बंद करावी. सारखी पेटी उघडली, जागा बदलली, की काही माद्या पिल्ले टाकून देतात. आईने खरेच टाकले तरच हाताने भरवायचे. तेही पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी पावडर कालवून, कोमट, डॉक्टरला विचारून. गाईचे दूध अजिबात नको.

मडक्याचा तळ गुळगुळीत असेल तर पिल्लांचे पाय घसरून फाकतात नि तसेच राहतात. लाकडाचा कोरडा, खरबरीत भुसा घातला की हे टळते. मुंग्या हा दुसरा शत्रू. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, म्हणून थोडाच आणावा. स्वयंपाकघरात पिंजरा नकोच, तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पक्ष्यांचा जीव घेतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिल्ले बाहेर येतात, तरी बाप काही दिवस भरवत राहतो. स्वतः दाणे फोडू लागल्यावरच वेगळी करावीत. वर्षाला दोन विणी पुष्कळ झाल्या, मग पेटी काढून ठेवावी.

कायद्याचेही भान हवे. आपला देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बजरीगर आणि पीचफेस लव्हबर्डला ती अडचण नाही. मात्र फिशरसारख्या लव्हबर्डची, तसेच त्यांच्या पिल्लांची, 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.