तळणीचं ग्रहण आणि सूर्याची वेणी

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकतो, तेव्हा त्या काळ्या तबकडीभोवती मोतिया रंगाचं तेज फुलतं. मराठीत त्याला आपण प्रभामंडळ म्हणतो आणि शास्त्रज्ञ म्हणतात करोना, म्हणजे मुकुट. नाव ऐकून दचकू नका, त्या विषाणूला हे नाव या मुकुटासारख्या दिसण्यावरूनच मिळालं. प्रभामंडळ म्हणजे सूर्याचं सगळ्यात बाहेरचं वातावरण. ते एरवीही असतंच, पण सूर्याच्या झळाळीपुढे दिसत नाही. आज आपण त्याचा इतिहास ऐकणार आहोत. या इतिहासाचं एक पान आपल्या मातीवर लिहिलं गेलं आणि त्यावर एका बाईचं नाव आहे.

२२ जानेवारी १८९८. पटकीसारखाच प्लेगचा धसका घरोघरी होता. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी भर दुपारी चंद्राची सावली कोकणात उतरली आणि महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे गेली. तिच्या वाटेवर देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी रोवून बसले होते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. हेलियम वायूशी जोडलेलं त्यांचं नाव कोकणात आजही घेतलं जातं. पण हेलियमची ती गाजलेली पिवळी रेषा १८६८ सालची, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले १८९८ साली. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला होते. तिथेच अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल उतरले होते आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ छावणीच्या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या.

आणि वऱ्हाडातल्या तळणीला होत्या अ‍ॅनी माँडर. या अ‍ॅनीबाई आयर्लंडच्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या, परीक्षेत वरच्या श्रेणीत आल्या, पण तेव्हा केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. ग्रिनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर त्या आकडेमोडीच्या कामाला लागल्या. १८९५ मध्ये तिथल्याच एडवर्ड वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न झालं आणि नोकरी सोडावी लागली, कारण लग्न झालेल्या बाईनं सरकारी नोकरीत राहायचं नाही असा तिथला रिवाज होता. नोकरी गेली तरी अ‍ॅनीबाईंनी काम सोडलं नाही. कॉलेजकडून मिळालेल्या मदतीतून त्यांनी दीड इंची भिंगाचा लहानसा कॅमेरा करवून घेतला आणि तो घेऊन त्या तळणीला आल्या. हाताशी जेमतेम दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत त्यांनी प्रभामंडळाचा जो फोटो घेतला, त्यात सूर्यापासून निघालेला एक किरणपट्टा सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब गेलेला दिसला. एवढा लांब पट्टा तोवर कुणाच्याच काचेवर उमटला नव्हता.

हे पट्टे असे ताणले कशानं जातात, ते तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. उत्तराचा पहिला धागा अमेरिकेत सापडला. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी माउंट विल्सनवरून दाखवलं, की सूर्यावरचे काळे डाग म्हणजे जबरदस्त चुंबकच आहेत. पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा त्यांचं बळ हजारो पटींनी जास्त. माँडर दांपत्यानं त्याआधीच, १९०४ मध्ये, वर्षानुवर्षांचे डाग एका कागदावर मांडले होते. साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात डागांचे पट्टे विषुववृत्ताकडे सरकतात आणि कागदावर ओळीनं फुलपाखरं बसल्यासारखं चित्र तयार होतं. काम दोघांचं होतं, पण निबंधावर नाव एकट्या वॉल्टर यांचं लागलं. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८९२ मध्ये अ‍ॅनीबाईंना सदस्यत्व नाकारलं होतं. ते मिळायला १९१६ साल उजाडलं.

तळणीच्या त्या तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचे आणखी एक निरीक्षक होते. ते पुढे तमिळनाडूतल्या कोडाईकनाल वेधशाळेत आले. डागाच्या कडेला वायू बाहेरच्या बाजूला वाहतो, हे त्यांनी १९०९ मध्ये तिथूनच शोधलं. त्यांच्या पत्नी मेरी एव्हरशेड यांनीही कोडाईकनालला सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांचा बारकाईनं अभ्यास केला आणि त्यावर स्वतःच्या नावानं लिहिलं.

आता खरं कोडं ऐका. १८६९ च्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या अमेरिकी शास्त्रज्ञांना प्रभामंडळाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा दिसली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग नवंच मूलद्रव्य मानलं गेलं आणि त्याचं नाव ठेवलं कोरोनियम. सत्तर वर्षं हे नाव चाललं. अखेर जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी १९४० च्या आसपास उलगडा केला. कोरोनियम वगैरे काही नव्हतं. ते आपलं साधं लोखंडच होतं, तव्याचं आणि विळीचं. फक्त त्याच्या अणूतल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ निघून गेले होते.

इतके इलेक्ट्रॉन निघायला तापमान दहा लाख अंशांच्या वर लागतं. सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचा! आपण रोज पाहतो, चुलीपासून मागे सरकलं की धग कमी होते. इथे चुलीपासून दूर गेल्यावर धग शेकडो पटींनी वाढत होती.

याचं उत्तर त्या चुंबकत्वातच आहे, असं आज मानलं जातं. सूर्याचा पृष्ठभाग आधणासारखा सारखा खदखदतो. चुंबकीय रेषांची मुळं त्या खदखदीत रोवलेली असतात, म्हणून त्या हलतात, एकमेकींत गुंततात. अमेरिकेच्या यूजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये सांगितलं, की हे वेणीचे पेड घातल्यासारखंच आहे. पीळ फार झाला की पेड तुटतात, नव्यानं जुळतात आणि दरवेळी छोटासा भडका उडतो. असे असंख्य भडके मिळून प्रभामंडळ तापतं. दुसरं उत्तर स्वीडनच्या हान्स आल्फवेन यांच्या १९४२ च्या विचारातून आलं. ताणलेली दोरी हलवली की लहर पुढे जाते, तशा या रेषांवरून लहरी वर जातात आणि उष्णता पोचवतात. पिळाचा वाटा किती आणि लहरींचा किती, हा हिशेब अजून चालू आहे.

या हिशेबाशी आपला काय संबंध, असं वाटेल. सूर्यावरचा पीळ मोठ्यानं सुटला तर त्याचा धक्का पृथ्वीपर्यंत पोचतो. १८५९ मध्ये असं वादळ आलं तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकसुया जोरात हलल्या, आणि त्याची नोंद आजही अभ्यासली जाते. ट्रामची वीज आडवी येऊ नये म्हणून हे काम पुढे १९०४ मध्ये अलिबागला गेलं. आज तसं वादळ आलं तर वीज, उपग्रह आणि आपले फोन, सगळ्यांनाच त्याची झळ बसेल.

म्हणूनच २०१८ मध्ये निघालेलं पार्कर यान २०२१ साली थेट प्रभामंडळात शिरलं. भारताचं आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं, तेव्हा त्या प्रकल्पाच्या संचालक होत्या निगार शाजी. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनं घडवली. बंगळूरुच्या शास्त्रज्ञांनी घडवलेलं दुसरं उपकरण प्रभामंडळ पाहतं, आणि त्यात १८६९ मधली तीच हिरवी रेषा आहे.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण दिसेल. घरातल्या गरोदर लेकीसुनेला तेव्हा अंधाऱ्या खोलीत बसवायचं, की ग्रहणाचा खास चष्मा डोळ्यांना लावून अंगणात न्यायचं, हे आपल्याच हातात आहे. चष्मा मात्र प्रत्येकीनं लावायचाच. सव्वाशे वर्षांपूर्वी भर ग्रहणात एक बाई तळणीला कॅमेरा घेऊन उभी होती, हे त्या दिवशी लेकीसुनांना जरूर सांगू या.