घोडे किती, ओझं किती

जेम्स वॉटने अठराव्या शतकात अश्वशक्तीचं माप बांधलं, ते वाफेची इंजिनं विकण्यासाठी. हे यंत्र आपल्या किती घोड्यांचं काम करेल, एवढंच गिऱ्हाइकाला कळायला हवं होतं. इंजिन जमिनीला खिळलेलं असे, त्यामुळे त्याच्या वजनाची फिकीर कुणाला नव्हती. इंजिन चाकांवर चढलं आणि स्वतःचंच ओझं ओढू लागलं, तेव्हा भागाकाराची वेळ आली. आज स्पोर्ट्‌स कारच्या माहितीपत्रकात ‘टनामागे इतके हॉर्सपॉवर’ हा आकडा मानाने मिरवतो. त्याची मुळं मात्र शर्यतींच्या नियमांत आहेत, आणि गंमत म्हणजे ते नियम मोटारींना आवर घालायला केलेले होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या मोटारी अजस्र होत चालल्या होत्या. 1902 साली मोठ्या मोटारींना 1,000 किलोंची कमाल मर्यादा घातली गेली. इंजिन लहान करायला कोण तयार होणार? कारागिरांनी चॅसीला, दांड्यांना, जिथे जागा मिळेल तिथे भोकं पाडून वजन उतरवलं आणि इंजिन आणखी वाढवलं. त्याच वर्षीच्या पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत वाटेत आल्प्समधला आर्लबर्गचा घाट होता. पॅनहार्डच्या 13 लिटरच्या वरच्या, सत्तर अश्वशक्तीच्या धुडांना मागे टाकून शर्यत जिंकली मार्सेल रेनोने, हलक्या गटातल्या गाडीतून. तिची ताकद पॅनहार्डच्या निम्मीही नव्हती. चढावर, वळणावर आणि उतारावर हलकी गाडी जड गाडीला कशी रडवते, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी पॅरिस-माद्रिद शर्यतीत हाच मार्सेल अपघातात गेला. इतके बळी पडले, की ती शर्यत बोर्दोलाच थांबवावी लागली.

तीस वर्षांनी पुन्हा तेच. 1934 पासून ग्रां प्री मोटारींना 750 किलोंची मर्यादा आली. चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर त्यात धरायचे नव्हते. एवढ्याशा वजनात मोठं इंजिन बसणारच नाही, असा नियम करणाऱ्यांचा हिशेब. मर्सिडीझ आणि ऑटो युनियन यांनी हलके मिश्रधातू वापरून तो पार उलटवला. 1937 च्या मर्सिडीझ डब्ल्यू 125 चं इंजिन साडेपाच लिटरच्या वर होतं आणि ताकद सहाशे अश्वशक्तीच्या आसपास. ग्रां प्रीत एवढी ताकद परत दिसायला 1980 च्या दशकातली टर्बो इंजिनं यावी लागली.

या भागाकाराचं गणित सोपं आहे. चालू वेगात गाडी किती जोराने पुढे झेपावेल, हे चाकांपर्यंत पोचलेल्या शक्तीला वजन आणि वेग या दोन्हींनी भागून येतं. म्हणजे शक्ती दुप्पट करा किंवा वजन निम्मं करा, सरळ रस्त्यावरची झेप जवळपास सारखीच. पण ब्रेक आणि वळण यांना घोड्यांशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त ओझं कळतं. अगदी वरच्या वेगाला खरा शत्रू हवेचा रोध असतो. तिथे वजन जवळपास गैरलागू. तेव्हा एकच भागाकार दोन गाड्यांना सारखा आला, तरी त्या गाड्या सारख्या नसतात.

ओझ्याचं हे गणित अंगी बाणवलं ते इंग्लंडचा मोटार-रचनाकार कॉलिन चॅपमनने. त्याच्या 1957 च्या लोटस एलीटला चॅसीच नव्हती. फायबरग्लासचं कवचच सगळा भार पेलायचं. गाडी जेमतेम अर्ध्या टनाची, इंजिन पाऊणशे अश्वशक्तीचं. त्याच वर्षीची लोटस सेव्हन तर दारंही नसलेली. 1962 च्या लोटस 25 मध्ये त्याने फॉर्म्युला वनला मोनोकॉक, म्हणजे भार पेलणारं कवच, दिलं आणि पुढच्या वर्षी जिम क्लार्कने दहापैकी सात शर्यती मारल्या. चॅपमनच्या गाड्या मोडायच्याही फार, हे त्याच्या भक्तांनी विसरू नये. हलकेपणाची किंमत काही वेळा चालकांनी मोजली.

रस्त्यावरच्या गाडीत हलकेपणाचा हा ध्यास टोकाला नेला रचनाकार गॉर्डन मरेने. 1992 च्या मॅकलारेन एफ वनसाठी त्याचं लक्ष्य होतं 1,000 किलो. गाडीला कार्बन फायबरचा सांगाडा दिला, हत्यारांचा संच टायटॅनियमचा केला, उष्णता परतवायला इंजिनाभोवती सोन्याचा पातळ पत्रा लावला. तरी काटा 1,138 वर थांबला. ताकद 627, म्हणजे टनाला सुमारे 550. तेरा वर्षांनी आलेल्या बुगाटी वेरॉनच्या 1,001 अश्वशक्तीचा जगभर गाजावाजा झाला, पण तिचं वजन 1,888 किलो. भागून पाहा, 530 येतात! 2014 मध्ये स्वीडनच्या कोनिगसेगने 1,360 अश्वशक्ती आणि 1,360 किलो असा मेळ साधला आणि गाडीचं नावच ‘वन:वन’ ठेवलं. मेट्रिक अश्वशक्तीच्या हिशेबाने हे बरोबर एक मेगावॉट होतात.

आता विजेच्या गाड्या आल्या. क्रोएशियाची रिमाक नेव्हेरा सव्वादोन टनांच्या वर आहे, पण 1,914 अश्वशक्तीच्या जोरावर टनामागच्या आकड्यात ती मरेच्या गाडीला सहज मागे टाकते. माझ्या मते हा आकडा आता थकला आहे. जड गाडीला अमाप ताकद दिली की तो फुगतो, आणि टायर नि ब्रेक यांच्यावर पडणारा बोजा त्यात दिसतच नाही.

तेव्हा माहितीपत्रक हातात आलं, की आधी कुठलं वजन धरलंय ते बघा. ‘ड्राय वेट’ लिहिलं असेल तर त्यात पेट्रोल नाही आणि तेल-पाणीही नाही. दोन्ही भरा, स्वतःचं वजन मिळवा आणि मग भागाकार करा.